दोन ग्रॅमची खरेदी

सभेपुढचा चौदावा विषय होता. आधीच्या तेरांपैकी चौकाला नाव देण्याच्या विषयावर सव्वा तास गेला होता आणि मोकाट डुकरांच्या विषयात डुकरांपेक्षा त्यांच्या मालकांची चर्चा जास्त झाली होती. चौदावा विषय वाचायला घेतला तेव्हा निम्मे नगरसेवक चहाच्या टेबलापाशी पोहोचले होते. ‘जलशुद्धीकरण केंद्रासाठी क्लोरीनची मात्रा देणारे यंत्र खरेदी करणेबाबत.’ ‘मंजूर, मंजूर’ म्हणत बाकीचेही उठणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, “म्हणजे नेमकं काय घ्यायचंय?”

या एका प्रश्नापायी पुढचं दीड वर्ष गेलं.

हे गाव नकाशावर शोधू नये. पंचवीस-तीस हजार वस्ती, ‘क’ वर्ग नगरपरिषद, धरणावरून येणारी एक पाइपलाइन, तुरटी आणि वाळूचा फिल्टर प्लँट आणि रोज तीस लाख लिटर पाणी, या वर्णनाची गावं महाराष्ट्रात जागोजाग आहेत. त्यांच्या सभा, निविदा आणि भांडणं एकत्र करून इथे एकच गाव वसवलं आहे. प्रस्तुत लेखकाचा या विषयातला अधिकार एवढाच, की तो नळाचं पाणी पितो आणि पाण्याला वास आला की स्वतः तक्रार न करता शेजाऱ्याला करायला लावतो.

आधी हिशोब. लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर हजार लिटरच्या टाकीला लागतात दोन ग्रॅम. तीस लाख लिटरला सहा किलो. चोवीस तासांनी भागलं की तासाला अडीचशे ग्रॅम. अख्ख्या गावाला कॉलरा, कावीळ आणि गॅस्ट्रोपासून वाचवणारा ऐवज तासाला पावकिलो! त्यातलाही बराचसा पाण्यातला सेंद्रिय गाळ आणि लोह वाटेतच गिळतात. नळाला पोहोचेपर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा, असं भारतीय मानक १०५०० सांगतं. मात्रा जास्त झाली तर लोक ओरडतात. कमी झाली तर ओरडत नाहीत, आजारी पडतात. ओरडणारा माणूस सभेला येतो, आजारी माणूस घरी झोपतो. त्यामुळे खरेदीच्या चर्चेत कोणाची बाजू जोरात मांडली जाते हे वेगळं सांगायला नको.

आजवर हे काम मामा करत. मामा म्हणजे प्लँटवरचे ऑपरेटर. मुख्याधिकाऱ्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामाच. त्यांची यंत्रणा अशी: सिमेंटची एक टाकी, तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वर पाणी, ढवळायला बांबू. चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी प्लास्टिकच्या तोटीतून बारीक धारेने पाण्यात सोडायची. चुना तळाशी बसतो असं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात तो तोटीत बसतो. त्यासाठी मामांच्या खिशात खराट्याची एक काडी असते. ती तोटीत घालून फिरवणं याला ते ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात, आणि सर्व्हिसिंग दिवसातून बऱ्याचदा होतं.

पावडरीचा दुसरा गुण म्हणजे ती बसल्याजागी म्हातारी होते. ताज्या पावडरीत वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका उपयोगी क्लोरीन असतो. गोणी उघडी राहिली, खोली ओलसर असली, वरून पत्र्याचं ऊन असलं, की तो उडत जातो. उडून जातो तरी कुठे लांब? स्टोअरच्या खोलीत. तिथे त्याने आजवर कडी, कोयंडा, ट्यूबलाइटची पट्टी आणि दोन कुलपं खाल्ली. त्यातलं दुसरं कुलूप हातोड्याने फोडावं लागलं तेव्हा ‘शासकीय मालमत्तेचे नुकसान’ म्हणून लेखी खुलासा मागवण्यात आला होता. रजिस्टरात मात्र पावडरीचं वय कधी वाढत नाही. रोज चोवीस किलो, वर्षभर चोवीस किलो.

“मामा, पावडरीची ताकद तपासता का?” नव्या अभियंत्याने विचारलं.

“तपासतो ना साहेब. गोणी उघडली की डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. नाही आलं तर दीडपट टाकायची.”

अभियंत्याने ही पद्धत मॅन्युअलमध्ये शोधली. सापडली नाही, पण तिच्यात चूक काय हेही त्याला पटकन सांगता येईना.

खरेदी समिती बसली. समितीत मुख्याधिकारी, पाणीपुरवठा सभापती, लेखापाल, अभियंता आणि ‘आरोग्याचा विषय आहे’ म्हणून ग्रामीण रुग्णालयातले एक डॉक्टर. डॉक्टरांना वैद्यकीय महाविद्यालयात पाठ केलेली एक गोष्ट या निमित्ताने प्रथमच उपयोगाला येणार होती. “हॉरॉक्स,” ते म्हणाले.

“कुठली कंपनी? जीएसटी धरून का?” लेखापालांनी विचारलं.

हॉरॉक्स ही कंपनी नव्हे. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला छावणीतलं पाणी शुद्ध करण्यासाठी एक पेटी तयार केली. सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचे दोन चमचे. काळ्या कपात चमचाभर ब्लीचिंगचं द्रावण करायचं, पांढऱ्या कपांतल्या पाण्यात ते चढत्या थेंबांनी घालायचं, अर्ध्या तासाने निर्देशक टाकायचा आणि निळा रंग आलेला पहिला कप बघायचा. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटरला तीन चमचे. पाण्याची भूक आणि पावडरीची ताकद एकाच वेळी मोजणारी ही युक्ती आजही वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात, आणि लेखकाच्या मते या सबंध कथेतलं सर्वांत शहाणं उपकरण तेच आहे. समितीने ते ‘अत्याधुनिक नसल्याने’ फेटाळलं.

सभापतींकडे मडक्याचा प्रस्ताव होता. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत लहानपणी मडकं सोडलेलं असायचं. हेही शास्त्रीयच आहे. भोकाच्या मडक्यात ब्लीचिंग आणि जाडी वाळू भरून ते विहिरीत टांगायचं. नागपूरच्या नीरी संस्थेने त्यात सुधारणा करून मडक्यात मडकं घातलं. एक किलो पावडर, दोन किलो वाळू, आणि घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे बघायला नको. “खर्च शून्य,” सभापती म्हणाले. अभियंत्याने नम्रपणे सांगितलं, की हे दुहेरी मडकं दिवसाला साडेचारशे लिटर उपसा असलेल्या विहिरीसाठी आहे. तीस लाख लिटरला साधारण सहा हजार सातशे मडकी लागतील.

प्रस्ताव पडला. पण कुंभारवाड्याच्या नगरसेवकांनी तो पडू नये म्हणून शेवटपर्यंत किल्ला लढवला.

मग प्रतिनिधी येऊ लागले. पहिला गॅसवाला. कडक इस्त्री, चकचकीत माहितीपत्रक. “शंभर टक्के क्लोरीन, साहेब. पावडरीत तुम्ही तीन हिस्से चुना विकत घेता.” हे खरंच होतं, आणि सगळे गप्प झाले. त्याचं यंत्रही खरंच हुशार होतं. पाण्याच्या झोताने नळीत निर्वात करायचा, त्या ओढीने सिलिंडरमधला वायू खेचायचा आणि पाण्यात विरघळवायचा. नळी फुटली तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. मोठमोठी शहरं अशाच यंत्रांवर पाणी पितात.

“सिलिंडर शंभर किलोचा घ्या, नाहीतर नऊशे किलोचा टनर,” तो म्हणाला.

दिवसाला सहा किलो लागणाऱ्या गावाला शंभर किलोचा सिलिंडर सोळा दिवस पुरतो, टनर पाच महिने. सभापतींना टनर आवडला, कारण टनर उचलायला क्रेन लागते आणि क्रेनचं उद्घाटन करता येतं. अभियंत्याला टनर आवडला नाही, कारण प्लँटला लागून शाळा आहे. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर २०१० च्या जुलैत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शंभरावर माणसं रुग्णालयात गेली, हे त्याने समितीला सांगितलं. खोलीत थोडा वेळ शांतता पसरली. मग लेखापाल म्हणाले, “पण तो बंदराचा विषय आहे. आपल्याकडे बंदर नाही.”

तरी सावधगिरी म्हणून शेजारच्या तालुक्यातला गॅसवरचा प्लँट बघायचं ठरलं. हा प्लँटही कथेतल्या गावासारखाच, नाव नसलेला. तिथे सगळं नियमाप्रमाणे होतं. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो आणि एक्झॉस्ट पंखा जमिनीलगत हवा. पंखा होता. छताला होता. “पंखा वरच असतो ना,” गवंड्याने सांगितलं होतं आणि त्याच्याशी वाद घालायला त्या दिवशी कोणी हजर नव्हतं. गळती शोधायला अमोनियाची बाटली लागते. गळतीपाशी अमोनियाचा बोळा नेला की पांढरा धूर दिसतो. बाटली होती, रिकामी. अमोनियाने काचा छान निघतात असं कळल्यावर ती कार्यालयाच्या खिडक्यांवर खर्ची पडली होती. आणि गॅस मास्क? तोही होता, अगदी नवा, प्लास्टिकच्या वेष्टनात, क्लोरीनच्या खोलीत आत, भिंतीवर टांगलेला. खोलीला कुलूप होतं. किल्ली ऑपरेटरच्या कमरेला होती आणि ऑपरेटर जेवायला घरी गेला होता.

“गळती झाली तर मास्क घ्यायला आत जायचं?” अभियंत्याने विचारलं.

“बाहेर टांगला तर चोरीला जातो साहेब. दोनदा गेला.”

“कोण नेतो?”

“फवारणीवाले.”

इथे प्रश्न नुसत्या यंत्राचा न राहता आकाराचाही झाला. अडीचशे ग्रॅमची गरज कागदावर कशी वाढते हे बघण्यासारखं असतं. कनिष्ठ अभियंत्याने पावसाळ्यातलं गढूळ पाणी धरून मात्रा दुप्पट केली, पाचशे झाले. ते योग्यच होतं. जलशुद्धीकरणाची यंत्रसामग्री पंधरा वर्षांच्या गरजेसाठी आखायची असा संकेत आहे, म्हणून पुढची लोकसंख्या धरून साडेसातशे. सल्लागाराने ‘राउंड फिगर’ म्हणून एक किलो केला. वरच्या कार्यालयाने ‘आणीबाणीची तरतूद दिसत नाही’ असा शेरा मारला, दोन झाले. शेवटी अंदाजपत्रक टाइप करताना ज्या शहराची जुनी फाइल नमुना म्हणून उघडली होती तिच्यातला आकडा तसाच राहिला आणि तासाला पाच किलोचं यंत्र तांत्रिक मान्यतेला गेलं. त्याच फाइलमधून ‘सर्व सुटे भाग समुद्राच्या खाऱ्या हवेत टिकणारे असावेत’ ही अटही आली. गाव मराठवाड्यात आहे.

अशी मोठी यंत्रं आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंतच खात्रीने खाली उतरतात. पाच किलोवाल्याची खालची पायरी पाचशे ग्रॅम. गावाला हवेत अडीचशे. म्हणजे काचेच्या नळीतला मोजमापाचा गोळा तळाशी लोळत पडणार, मामा व्हॉल्व्ह केसभर फिरवणार, गोळा उडी मारणार, आणि प्लँटजवळच्या गल्लीत दुपारभर पोहण्याच्या तलावाचा वास येणार. त्या गल्लीत माजी नगराध्यक्ष राहतात.

या सगळ्या गोंधळात अमेरिकेची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर शहराने खटला भरला होता, की तुमचं पाणी करारात ठरल्याइतकं शुद्ध नाही. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी ठरवलं, की पाण्यात क्लोरीन घालायचा. तेव्हा लोकांच्या मते पाण्यात रसायन घालणं आणि विष घालणं यात फारसा फरक नव्हता. लील यांनी कोणाची परवानगी काढली नाही. त्यांनी अभियंता जॉर्ज फुलर यांना गाठलं, आणि फुलर यांनी ९९ दिवसांत बून्टन धरणापाशी यंत्रणा उभी केली. ब्लीचिंग पावडर कालवायच्या टाक्या, पातळी कायम ठेवणारी पेटी, मोजकं भोक आणि गुरुत्वाकर्षण. २६ सप्टेंबर १९०८ पासून रोज सुमारे पंधरा कोटी लिटर पाणी तिथून निर्जंतुक होऊन जाऊ लागलं. शहराला हे कोर्टात कळलं. लील यांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून खरपूस उलटतपासणी झाली आणि शेवटी कोर्टाने मान्य केलं, की पाणी शुद्ध आहे. पुढे १९१३ मध्ये त्याच बून्टनला चार्ल्स वॉलेस आणि मार्टिन टिर्नन यांनी गॅसचं यंत्र बसवलं आणि क्लोरिनेटरचा धंदा सुरू झाला.

ही गोष्ट अभियंत्याने समितीला सांगितली ती ९९ दिवसांसाठी. समितीच्या लक्षात राहिली ती परवानगी. “विनापरवानगी काम? आणि बिल कोणी पास केलं?” लेखापालांनी विचारलं. आपल्याकडे ९९ दिवसांत निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त कायम होत नाही. फुलर यांची टाकी आणि मामांची टाकी यांत मात्र शंभराहून अधिक वर्षांनंतरही तत्त्वाचा काही फरक नाही. फक्त फुलर यांच्या भोकात कोणी काडी घालत होतं का, याची नोंद कोर्टाच्या कागदांत दिसत नाही.

दुसरा प्रतिनिधी हायपोवाला. सोडियम हायपोक्लोराइट: पिवळसर पाणी, दहा-बारा टक्के ताकद, निळ्या कॅनमध्ये येतं. चुना नाही, सिलिंडर नाही. बरोबर त्याने एक छोटा डोसिंग पंप आणला होता. बादलीत साधं पाणी घेऊन त्याने पंप लावला. टक्, टक्, टक्. दर ठोक्याला ठरलेला थेंब. एक चक्री फिरवली की ठोके वाढतात, दुसरी फिरवली की थेंब मोठा होतो. समिती खूश झाली. मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः चक्री फिरवली.

मामांनी एवढंच विचारलं, “याच्यात खरं हायपो घालून दाखवता का?”

“तत्त्व तेच आहे हो, मामा.”

तत्त्व तेच नाही. हायपो उन्हात सावकाश फुटतं आणि त्यातून वायूचे बुडबुडे सुटतात. मे महिन्यात भारनियमनात पंप दोन तास बंद राहिला, की बुडबुडे पंपाच्या डोक्यात जमतात. वीज आल्यावर पंप सुरू होतो, हिरवा दिवा लागतो, टक् टक् चालू राहतं आणि पडदा त्या बुडबुड्यालाच दाबत आणि सोडत बसतो. नळीतून थेंब येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला यंत्र कार्यरत आहे. एका ठिकाणी मामांनी हे असंच दोन दिवस चाललेलं पाहिलं होतं, रजिस्टरात ‘डोसर चालू’ लिहिलेलं होतं आणि ते खोटं म्हणता आलं नसतं. यावर उपाय आहेत. वायू बाहेर काढणारी झडप असते, रोलरने नळी पिळणारा पेरिस्टाल्टिक पंप असतो, त्याला बुडबुड्याचं वावडं नाही. पण पिळून पिळून ती नळी झिजते, नळी मागवायला मुंबई, मुंबईवाल्याला मागवायला परदेश, आणि तोवर ऑपरेटर जवळच्या मेडिकलमधून सलाइनची नळी आणून बसवतो.

सलाइनच्या नळीबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा इतिहास कोणी खरा लिहिला तर या नळीला त्यात वेगळं प्रकरण द्यावं लागेल. प्लास्टिकचा कॅन, त्याला नळी, नळीवर थेंब मोजायचं चाक, आणि हे सगळं उंच टाकीच्या झाकणाला तारेने बांधलेलं. वीज नाही, निविदा नाही, देखभालीचा करार नाही. कंपाउंडरकडून थेंब मोजायला शिकायचं की झालं.

सभापतींना मात्र ऑटोमॅटिक हवं होतं. पाण्यात बुडवलेला सेन्सर शिल्लक क्लोरीन मोजेल आणि पंप आपोआप कमी-जास्त होईल. यासाठी अभ्यास दौरा निघाला. मुंबईचं भांडुप संकुल बघितलं. मुंबई रोज साडेतीनशे कोटींहून जास्त लिटर पाणी पिते, म्हणजे कथेतल्या गावाच्या हजारपट. तिथल्या तज्ज्ञांनी शंका विचारा म्हटल्यावर एकाने पार्किंगची विचारली. दौऱ्याच्या अहवालात प्लँटचे चार फोटो आहेत, लोणावळ्याचे अकरा. निष्कर्ष असा, की ‘आपल्याकडेही असे व्हावे.’

सेन्सरचं गुपित त्याच्या पडद्यात नसतं. तो दर थोड्या दिवसांनी हाताने केलेल्या चाचणीशी जुळवावा लागतो; डीपीडीची गोळी टाकून पाण्याला आलेला गुलाबी रंग बघायचा आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी मिळवायचा. गावात ही चाचणी व्हायची ओटीच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी, पिवळ्या रंगावर. जलसुरक्षकाच्या हातातली ती छोटी बाटली बघूनच अनेक पावसाळे निघालेत. म्हणजे ऑटोमॅटिक यंत्र बरोबर चालायला हाताने चाचणी करणारा माणूस हवा. “मग माणूसच ठेवू की!” सभापती म्हणाले. ठेवता येत नव्हता. यंत्राला निधी होता, माणसाच्या पदाला मंजुरी नव्हती.

आतापर्यंत सगळ्यांच्या मनात काय आहे ते स्पष्ट झालं होतं. मुख्याधिकाऱ्यांना लेखापरीक्षणाची भीती, म्हणून सर्वांत कमी दराचं हवं. अभियंत्याला गळतीची भीती, म्हणून गॅस नको. सभापतींना निवडणुकीची भीती, म्हणून फीत कापण्याजोगं हवं. डॉक्टरांना आषाढातल्या गॅस्ट्रोची भीती, म्हणून काहीही चालेल पण लवकर हवं. मामांना साफसफाईची भीती, म्हणून काहीच नको. यंत्रं सगळी बरी होती. प्रत्येक जण आपल्या भीतीला कुठलं औषध लागू पडतं ते बघत होता, आणि पाणी कुठलं आहे, किती खडक धुऊन आलं आहे, वीज किती तास असते, हे प्रश्न दीड वर्षात एकदाच निघाले. तेही चहा आणणाऱ्या मुलाने विचारले.

तिसरा प्रतिनिधी आला तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. ही वेळ फार महत्त्वाची. एकतीस तारखेनंतर निधी परत जातो आणि परत गेलेला निधी आठवणीतच राहतो.

“मीठ, पाणी आणि वीज,” तो म्हणाला. “बस्स. विषारी काहीच नाही.”

खोलीतल्या प्रत्येक भीतीला ते वाक्य लागू पडलं.

यंत्राचं नाव इलेक्ट्रोक्लोरिनेटर. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची, जागेवरच सौम्य हायपो तयार होतं, एक टक्क्याहूनही कमी ताकदीचं. ते बाजारातल्यासारखं पटकन उतरत नाही आणि वाहतुकीची भानगड नाही. एक किलो क्लोरीनला साधारण साडेतीन किलो मीठ आणि पाच युनिट वीज. गावाला दिवसाला एकवीस किलो मीठ आणि तीस युनिट. हे उपकरण खरोखर चांगलं आहे, हे इथे मुद्दाम नोंदवलं पाहिजे. नाहीतर पुढच्या मजकुरावरून वाचकांचा गैरसमज होईल.

निविदा निघाली, उघडली, २९ मार्चला यंत्र आलं. ३० तारखेला फीत कापली. एप्रिलमध्ये पुस्तिका उघडली.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की द्रावण करायला मृदू पाणी लागेल. जड पाण्यातला कॅल्शियम इलेक्ट्रोडवर पांढरा थर धरतो आणि मग आम्लाने धुवावं लागतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटलं, की गाव बोअरचं पाणी मिसळतं, आणि काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्याने तिथल्या प्रत्येक घरातल्या गिझरचं आयुष्य कमी केलं आहे. म्हणजे आधी पाणी मृदू करणारं सॉफ्टनर घेणं आलं. सॉफ्टनरची पुस्तिका उघडली. सॉफ्टनरची ताकद संपली, की ती परत आणायला त्यातून मिठाचं पाणी सोडावं लागतं.

“म्हणजे मीठ कालवायच्या पाण्यालाही आधी मीठ?” मामांनी विचारलं.

“थोडंसंच, मामा.”

पुढच्या पानावर हायड्रोजन होता. मिठाच्या पाण्यातून वीज गेली, की क्लोरीनबरोबर हायड्रोजनही सुटतो आणि हायड्रोजन पेट घेतो, म्हणून त्याला छताबाहेर वाट हवी. स्लॅबला भोक पाडलं. पाइप बसवला. जूनमध्ये त्या भोकातून हायड्रोजन वर गेला आणि पाऊस खाली आला. भोक पाणीपुरवठ्याचं, स्लॅब बांधकाम विभागाचा. डांबर कोणी टाकायचं यावर दोन विभागांत पत्रव्यवहार चालू आहे. यंत्रावर सध्या छत्री आहे. मामांची, घरून आणलेली.

आणि मिठाचा प्रकार. यंत्राला शुद्ध मीठ लागतं, घरगुती आयोडीनयुक्त, मोकळं राहावं म्हणून काही मिसळलेलं नको. नगरपरिषदेच्या दरकरारात मात्र एकच मीठ होतं, ‘मीठ, आयोडीनयुक्त, एक किलो पुडा’. ते शाळांच्या पोषण आहारासाठी. पहिले दोन महिने तेच आलं. मामा रोज एकवीस पुडे कात्रीने कापत बसले. खाली पडलेल्या रिकाम्या पुड्यांवरचं हसरं कुटुंब बघून प्लँटला भेट द्यायला आलेल्या एका सहलीतल्या मुलाने बाईंना विचारलं, “इथे लोणचं करतात का?”

तरी यंत्र चाललं. चांगलं चाललं. तासाला अडीचशे ग्रॅम, शेवटच्या गल्लीच्या नळाला ०.२ च्या वर, आषाढात डॉक्टरांकडे गर्दी नाही. सभेत पाण्यावर एकही तक्रार आली नाही आणि त्यामुळे पाण्याचा विषय सभेत निघालाच नाही.

तो निघाला लेखापरीक्षणात. परीक्षकांना पाणीपुरवठ्याच्या खर्चात वर्षाला साडेसात टनांहून जास्त मीठ दिसलं. त्यांनी लोकसंख्येने भागाकार केला, माणशी पावकिलोहून अधिक भाग आला, आणि परिच्छेद लिहिला: सदर मीठ पाण्यात मिसळल्याचे विभागाचे म्हणणे आहे. तथापि पाणी खारट झाल्याबाबत नागरिकांची एकही तक्रार अभिलेखावर आढळून येत नाही. सबब मीठ कोठे गेले याचा खुलासा करावा.

अभियंत्याने रात्री जागून खुलासा लिहिला. सोडियम, क्लोराइड, हायपोक्लोराइट, सगळी समीकरणं काढली, कुठल्या मिठाचं काय झालं ते बाणांनी दाखवलं, शेवटी आकृतीही जोडली. मुख्याधिकाऱ्यांनी वाचला, मान डोलावली आणि लेखापालांकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. हिरव्या शाईत शेरा होता: मिठाचे वापरण्यापूर्वीचे व वापरल्यानंतरचे जिओ-टॅग फोटो जोडावेत.